पीआर नाही, पण कॅनडात घर घ्यायचंय: बडोद्याच्या घराघरांतून येणारे प्रश्न

बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं सध्या कॅनडात वर्क परमिटवर आहेत. पीआरचा (कायम रहिवासाच्या परवान्याचा) अर्ज केलेला असतो किंवा करायच्या बेतात असतात. दर महिन्याचं भाडं डोईजड झालं की घराचा विषय निघतो. इकडे आईवडील मांजलपूरचा फ्लॅट नाहीतर दांडिया बाजारातलं जुनं घर विकून हातभार लावायला तयार असतात. खालची उत्तरं दोघांसाठी आहेत: तिकडे कर्ज घेणाऱ्यांसाठी आणि इथून पैसे पाठवणाऱ्यांसाठी. भर कॅनडावर आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडचं थोडक्यात शेवटाकडे येईल.

पीआर नसताना कॅनडातली बँक घराचं कर्ज देते का?

देते. वैध वर्क परमिट, कायम स्वरूपाची नोकरी आणि डाउन पेमेंटचा पैसा कुठून आला याचा चोख हिशेब असेल, तर मोठ्या बँका नवागतांसाठीच्या योजनेखाली अर्ज घेतात. पण बँकेकडे जाण्याआधी दोन गोष्टी तपासा. तुम्हाला कायद्याने घर घेता येतं का, ही पहिली. ज्या प्रांतात घेताय तिथे परदेशी नागरिक म्हणून जादा कर किती लागतो, ही दुसरी. बहुतेक जण याच्या उलट क्रमाने जातात. आधी बँकेचं प्री-अप्रूव्हल आणतात, घर पसंत करतात, डिपॉझिट भरतात आणि वकिलाच्या टेबलावर पहिल्यांदा जादा कराचा आकडा ऐकतात. प्री-अप्रूव्हल देताना बँक फक्त तुमचा पगार आणि पत पाहते. कायदा आणि कर पाहणं तिचं काम नाही.

परदेशी लोकांना कॅनडात घर घ्यायला बंदी आहे ना?

आहे. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेला हा केंद्रीय कायदा १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवलेला आहे. मात्र त्यात सवलती आहेत, आणि वर्क परमिटवाल्यांची सवलत मार्च २०२३ मध्ये बरीच सैल झाली. खरेदीच्या तारखेला परमिटची किमान १८३ दिवसांची मुदत शिल्लक हवी आणि आधी एकापेक्षा जास्त घर घेतलेलं नसावं, एवढीच अट आहे. नवरा किंवा बायको कॅनडाची नागरिक किंवा पीआर असेल आणि दोघं मिळून घर घेत असाल, तर बंदी लागत नाही.

१८३ दिवसांकडे लोक दुर्लक्ष करतात. परमिटचे आठ महिने उरलेत म्हणून घर शोधायला लागायचं, पसंतीचं मिळेपर्यंत तीन महिने जायचे, आणि ऐन सहीच्या वेळी पाचच महिने हातात. शक्य असेल तर परमिट आधी वाढवून घ्या, शोध नंतर सुरू करा. नियम मोडून घर घेतलं तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड होतो आणि कोर्ट ते घर विकायला लावू शकतं.

मुलगी अजून स्टडी परमिटवर आहे. तिच्या नावाने घेता येईल?

जवळपास नाहीच. मागच्या पाचही वर्षांचे टॅक्स रिटर्न भरलेले, त्या प्रत्येक वर्षी किमान २४४ दिवस कॅनडात मुक्काम, आणि घराची किंमत पाच लाख डॉलरच्या आत, अशा अटी आहेत. दोन वर्षांच्या कोर्ससाठी गेलेली मुलं यात बसत नाहीत. तिला पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट आणि नोकरी मिळू द्या.

ओंटारिओत २५ टक्के जादा कर लागतो हे खरं का? की तो फक्त गुंतवणूकदारांना?

खरं आहे, आणि राहण्यासाठी घर घेणाऱ्या वर्क परमिटवाल्यालाही तो लागतो. नाव 'नॉन-रेसिडेंट स्पेक्युलेशन टॅक्स' असल्यामुळे आपण तिथेच राहतो, सट्टा करत नाही, म्हणजे आपल्याला लागू नाही, असा समज होतो. कायदा मात्र इतकंच बघतो की घेणारा कॅनडाचा नागरिक किंवा पीआर आहे का. २५ ऑक्टोबर २०२२ पासून हा कर पूर्ण ओंटारिओ प्रांतात २५ टक्के आहे. साडेसहा लाख डॉलरच्या घरावर १,६२,५०० डॉलर. घर टोरंटो शहराच्या हद्दीत असेल, तर १ जानेवारी २०२५ पासून शहराचा वेगळा १० टक्के कर त्यावर चढतो. ही रक्कम कर्जात बसवता येत नाही, ताबा घेताना रोकडा भरावी लागते.

घर घेतल्यापासून चार वर्षांच्या आत पीआर मिळाला, ताबा मिळाल्यावर ६० दिवसांत तुम्ही तिथे राहायला गेलात आणि तेच मुख्य घर राहिलं, तर कर परत मागता येतो. पीआर मिळाल्यावर ९० दिवसांत अर्ज करायचा. म्हणजे वाट कागदावर आहे, पण त्यासाठी दीड-पावणेदोन लाख डॉलर आधी भरून काही वर्षं अडकवून ठेवायची तयारी लागते, तीही पीआर नक्की येईल या भरवशावर. ओंटारिओच्याच नॉमिनी प्रोग्रॅममधून (प्रांताने पीआरसाठी नाव सुचवण्याच्या योजनेतून) नॉमिनेशन मिळालेल्यांना आणि नागरिक किंवा पीआर जोडीदाराबरोबर घेणाऱ्यांना सूट आहे.

आमचं स्पष्ट मत: ओंटारिओत असाल आणि या सवलतींत बसत नसाल, तर पीआर येईपर्यंत भाड्याने राहा. तीन वर्षांचं भाडं या कराच्या निम्म्यातही बसू शकतं.

ब्रिटिश कोलंबियात व्हँकुव्हर, व्हिक्टोरिया, केलोना वगैरे ठरावीक भागांत २० टक्के जादा कर आहे, आणि परताव्यासाठी पीआर एका वर्षात यावा लागतो. अल्बर्टात मात्र असा कर नाहीच, घर नावावर होताना लागणारा साधा लँड ट्रान्सफर टॅक्सही नाही, फक्त नोंदणी शुल्क. कॅलगरी-एडमंटनमध्ये वर्क परमिटवर घर घेतलेले बडोदेकर भेटतात आणि मिसिसॉगा-ब्रॅम्प्टनमध्ये फारसे भेटत नाहीत, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आम्ही पैसे देतोय, तर दस्तावेजावर आईचं नाव घालावं का?

घालू नका. आपल्याकडे पैसे देणाऱ्याचं नाव घरावर असणं स्वाभाविक वाटतं, तिथे ते महागात पडतं. ओंटारिओत घेणाऱ्यांपैकी एकही जण परदेशी नागरिक असला, तरी २५ टक्के कर त्याच्या हिश्श्यावर नाही, पूर्ण किमतीवर लागतो. मुलाला पीआर मिळालेला असतानाही आईचं नाव घातल्यामुळे कर लागू शकतो. शिवाय वर सांगितलेली खरेदीबंदी आईला थेट लागू होते.

भारताच्या बाजूनेही त्रास आहे. परदेशातल्या स्थावर मालमत्तेत नाव असलं की इथल्या आयकर रिटर्नमध्ये ती दरवर्षी 'शेड्यूल एफए'मध्ये दाखवावी लागते. राहून गेलं तर काळा पैसा कायदा, २०१५ नुसार दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पेन्शनीत साधं रिटर्न भरणाऱ्या माणसाच्या मागे हे कशाला लावायचं?

ओळखीच्या पीआर असलेल्या मित्राच्या नावाने घेतलं तर?

कोणी कितीही भरवशाचं असो, हे करू नका. खरा मालक परदेशी नागरिक असेल तर ट्रस्टीच्या नावाआडूनही ओंटारिओचा कर लागतो. कर्जाच्या अर्जावर खोटी माहिती दिल्याचा ठपका वेगळा, आणि तो पीआरच्या अर्जालाही भोवू शकतो. मित्राचा घटस्फोट झाला किंवा त्याचं दिवाळं निघालं, तर घर त्याच्याच मालमत्तेत धरलं जातं.

डाउन पेमेंट किती लागेल?

कायद्याने पहिल्या पाच लाखांवर ५ टक्के आणि त्यापुढे पंधरा लाखांपर्यंत १० टक्के. साडेसहा लाखांच्या घराला हे ४०,००० डॉलर होतात. पण पीआर नसलेल्यांच्या बाबतीत किमान १० टक्के धरूनच चाला, म्हणजे ६५,०००. काही बँका २० टक्क्यांशिवाय पुढे जात नाहीत.

२० टक्क्यांहून कमी भरलं तर कर्जाचा विमा सक्तीचा आहे. तो बँकेच्या रक्षणासाठी असतो, तुमच्या नाही. १० टक्के भरल्यावर सीएमएचसीचा (हा विमा देणाऱ्या सरकारी संस्थेचा) हप्ता कर्जाच्या ३.१ टक्के येतो: ५,८५,००० वर १८,१३५ डॉलर. हे कर्जात मिळवतात, पण ओंटारिओत त्यावरचा ८ टक्के विक्रीकर रोख भरावा लागतो. शिवाय वकील, तपासणी, नोंदणी यांसाठी किमतीच्या किमान दीड टक्का रक्कम खात्यात शिल्लक दाखवावी लागते.

वर्षाला ९०,००० डॉलर पगार आहे. कर्ज किती मिळेल?

महिन्याला ७,५०० झाले. विमा असलेल्या कर्जात घराचा सगळा खर्च पगाराच्या ३९ टक्क्यांत बसावा लागतो, म्हणजे २,९२५. त्यातून घरपट्टीचे समजा ३५० आणि हीटिंगचे १०० वजा केले की हप्त्याला २,४७५ उरतात. पण बँक हा हिशेब खऱ्या व्याजदराने करत नाही. दर ४.५ टक्के असेल तर दोन टक्के वाढवून ६.५ ने करते (किमान ५.२५ टक्के, यातलं जे जास्त ते). २५ वर्षांच्या मुदतीला यातून सुमारे ३,६९,००० डॉलर कर्ज निघतं. प्रत्यक्ष हप्ता ४.५ टक्क्यांनी साधारण २,०४५ येईल.

आता यात गाडीचा ८०० डॉलरचा हप्ता घाला. सगळी देणी मिळून ४४ टक्क्यांची वेगळी मर्यादा आहे, म्हणजे ३,३००. गाडीचे ८०० गेले की घरासाठी २,५००, आणि कर्ज ३,०६,००० वर येतं. तेसष्ट हजारांचा फरक, एका गाडीपायी. घर घ्यायचं मनात असेल त्या वर्षी नवी गाडी हप्त्यावर काढू नका.

बडोद्यातल्या बँकेकडून घेतलेलं शिक्षणाचं कर्जही देण्यांत धरलं जातं. कॅनडातल्या बँकेला सिबिल दिसत नाही म्हणून ते लपवायचा मोह होतो. पण अर्जात सगळी देणी विचारलेली असतात, आणि दर महिन्याला भारतात ठरावीक रक्कम जातेय हे खात्याच्या उताऱ्यावर दिसतं. सांगून टाका.

इथला सिबिल स्कोअर तिकडे चालतो का?

तिथला स्कोअर म्हणून नाही. कॅनडात इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या पत नोंदवणाऱ्या कंपन्यांकडे तुमची पाटी कोरी असते. पोचल्याबरोबर एक क्रेडिट कार्ड घ्या, मर्यादेच्या तीसेक टक्क्यांच्या आत वापरा आणि तारखेआधी पूर्ण भरा. मोबाइलचं पोस्टपेड बिल स्वतःच्या नावावर ठेवा. क्रेडिट पुरेसं नसेल तर बारा महिने वेळेवर भरलेल्या भाड्याचा पुरावा आणि भारतातला क्रेडिट रिपोर्ट आधाराला घेतात. म्हणून भाडं रोख देऊ नका. चार मुलं मिळून बेसमेंटमध्ये राहतात, करार एकाच्याच नावावर असतो, बाकीचे त्याला पैसे देतात. अशा वेळी करारात नाव नसलेल्या तिघांकडे काहीच पुरावा उरत नाही.

मुलाने कोणती कागदं तयार ठेवायची?

पासपोर्ट, वर्क परमिट, सोशल इन्शुरन्स नंबर (तात्पुरत्या रहिवाशांचा ९ ने सुरू होतो, बँकेला त्यावरूनच कळतं), पद, पगार आणि नोकरी कायम असल्याचं कंपनीचं पत्र, अलीकडच्या पगारपावत्या, टी४ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला) आणि नोटिस ऑफ असेसमेंट (रिटर्न तपासल्याचं कर खात्याचं पत्र). प्रोबेशन संपलेलं असावं. आणि डाउन पेमेंट ज्या खात्यात आहे त्याचा सलग ९० दिवसांचा उतारा.

या नव्वद दिवसांत आलेल्या प्रत्येक मोठ्या रकमेचा हिशेब विचारतात. मित्राला दिलेले उसने पाच हजार परत आले तरी कागद मागतात.

आईवडिलांनी पैसे कसे पाठवायचे?

भेट म्हणून, रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली. माणशी मर्यादा एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलर, आणि आई व वडील दोघांची वेगवेगळी. पॅन हवं आणि ए२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेचा अर्ज) भरावा लागतो. भेटीवर मुलाला भारतात कर नाही, कारण तो जवळचा नातेवाईक. कॅनडातही भेट स्वीकारणाऱ्याला कर नाही. दहा हजार कॅनेडियन डॉलर किंवा जास्त आले की तिथली बँक सरकारी यंत्रणेला कळवते, तो नेहमीचा रिवाज आहे. त्याला घाबरून रक्कम नऊ-नऊ हजारांत तोडू नका, तसं केलं तरच संशय येतो.

ए२ फॉर्मवरचा पर्पज कोड (पैसे कशासाठी जातात ते सांगणारा क्रमांक) नीट बघा. वैयक्तिक भेटीचा एस१३०२. काउंटरवर घाईत बरेचदा एस१३०१ टाकतात, तो कुटुंबाच्या चरितार्थाचा. मग मुलगा तिकडे 'ही परत न करायची भेट आहे' असं आईवडिलांच्या सहीचं पत्र देतो, आणि बँकेच्या कागदावर चरितार्थ लिहिलेलं असतं. दोन कागद जुळत नाहीत आणि फाइल आठवडाभर अडते. भेटपत्र मुलाच्या बँकेच्या नमुन्यातच करा, रक्कम तंतोतंत तीच लिहा, आणि पैसे गेल्याची स्विफ्टची प्रत मागून घ्या.

पैसा सहकारी बँकेत असेल तर आधी परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेत हलवावा लागेल. खातं तिथे नवं असेल तर जुन्या बँकेचा वर्षभराचा उतारा मागतात.

बँक २० टक्के कापते म्हणतात. ते पैसे बुडतात का?

बुडत नाहीत, अडकतात. हा टीसीएस आहे, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने आगाऊ गोळा केलेला आयकर. आर्थिक वर्षात पहिल्या दहा लाख रुपयांवर काही नाही, त्यापुढच्या रकमेवर भेटीसाठी २० टक्के. तो तुमच्या पॅनवरच्या कराच्या उताऱ्यात दिसतो आणि रिटर्न भरताना करातून वळता होतो किंवा परत मिळतो.

समजा चाळीस लाख पाठवायचेत. एकट्या वडिलांनी एकाच वर्षात पाठवले तर तीस लाखांवर सहा लाख टीसीएस, म्हणजे खात्यात सेहेचाळीस लाख लागतील. आई आणि वडील दोघांनी वीस-वीस पाठवले तर दोघांचे मिळून चार लाख. दोघांनीही दहा मार्चमध्ये आणि दहा एप्रिलमध्ये पाठवले तर शून्य. मात्र आईच्या वाट्याची रक्कम आईच्याच खात्यातून आणि तिच्याच पॅनवर गेली पाहिजे, आणि त्या वर्षात दोघांपैकी कोणी युरोपच्या सहलीसाठी वगैरे परकीय चलन घेतलं असेल तर तेही दहा लाखांच्या मर्यादेत मोजलं जातं.

इथलं घर विकून पैसे पाठवले तर भांडवली नफ्यावरचा कर वाचतो ना? घरातून घरच घेतोय.

नाही. ही सवलत २०१४ च्या अर्थ कायद्यातल्या बदलानंतर फक्त भारतातल्या घरापुरती आहे. कॅनडातलं घर चालत नाही, आणि इथे ते मुलाच्या नावावर असणार हे वेगळंच. दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर बसतो. घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल आणि विकणारा निवासी भारतीय असेल, तर इंडेक्सेशन घेऊन २० टक्क्यांचा पर्यायही आहे. दोन्ही मांडून बघा. नफ्याएवढी रक्कम सहा महिन्यांत ५४ईसी या करबचतीच्या बाँडमध्ये घातली (पन्नास लाखांपर्यंत) तर कर वाचतो, पण ती पाच वर्षं हलवता येत नाही. नफा वीस लाख आणि विक्री साठ लाखांची असेल, तर वीस बाँडमध्ये ठेवून उरलेले पाठवणं पुष्कळांना परवडतं.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. दस्तावेज जंत्रीच्या (सरकारने ठरवलेल्या) भावाने आणि वरचे रोख, असा व्यवहार केलात तर ती रोकड कॅनडाला जाणार नाही. बँक विक्रीचा दस्तावेज आणि खात्यातली जमा दोन्ही बघते. मुलासाठी विकताय तर सगळी रक्कम चेकने घ्या, भाव थोडा कमी आला तरी.

दस्तावेज, इंडेक्स (नोंदणीचा उतारा), वेराबिल (घरपट्टीचं बिल) गुजरातीत असतात. तिकडच्या बँकेने पैशाचं मूळ विचारलं तर इंग्रजी भाषांतर लागेल. ते विक्री होताच करून ठेवा.

घर आजोबांचं आहे आणि वारसा हक्काने मुलाचंही नाव लागलंय. मग?

मग त्याच्या हिश्श्याचे पैसे तुम्ही भेट म्हणून पाठवू शकत नाही, ते त्याचेच आहेत. तो अनिवासी असल्यामुळे त्याच्या वाट्यावर खरेदीदार जास्त दराने टीडीएस कापतो. कर प्रत्यक्षात कमी बसणार असेल तर विक्रीआधी आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र काढा. त्याचा हिस्सा त्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या रुपया खात्यात) जमा होतो आणि तिथून सीएच्या प्रमाणपत्रासह बाहेर जातो. मर्यादा वर्षाला दहा लाख अमेरिकी डॉलर, आणि या वाटेला वर सांगितलेला टीसीएस नाही. नाव अजून चढलेलं नसेल तर पेढीनामा (वारसांची वंशावळ) आणि सिटी सर्व्हेची नोंद यांतच काही महिने जातात.

हे नाव आणखी एका ठिकाणी आडवं येतं. ओंटारिओत पहिलं घर घेणाऱ्याला लँड ट्रान्सफर टॅक्समध्ये ४,००० डॉलरपर्यंत परतावा आहे, पण त्यासाठी जगात कुठेही, कधीही घर किंवा घरातला हिस्सा नावावर नसावा. रावपुऱ्यातल्या घराचा सहावा हिस्सासुद्धा धरला जातो. नंतर हक्कसोड केलं तरी 'कधीही नव्हतं' असं म्हणता येत नाही. (हा परतावा नागरिक आणि पीआरनाच आहे. नोंदणीनंतर अठरा महिन्यांत पीआर झालात तर मागता येतो.)

इथल्या घरावर कर्ज काढून पैसे पाठवले तर?

टाळा. परदेशात मालमत्ता घेण्यासारख्या भांडवली रेमिटन्ससाठी बँकांनी कर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे बँक कारण खोदून विचारणार. आणि आईवडिलांच्या म्हातारपणी राहतं घर गहाण ठेवणं, तेही मुलाचा मुक्काम परमिटवर अवलंबून असताना, आम्हाला कोणत्याही हिशेबाने पटत नाही.

पैसे किती आधी पाठवायचे?

ऑफर देण्याच्या किमान एक-दोन महिने आधी मुलाच्या खात्यात असावेत. घर मिळाल्यावर पाठवू म्हणणाऱ्यांची धावपळ होते, कारण ऑफर मान्य झाली की साधारण चोवीस तासांत डिपॉझिट द्यावं लागतं आणि कर्जाच्या अटीला बहुधा पाचच कामाचे दिवस मिळतात. दिवाळीच्या सुमाराला तर विशेष जपा. लाभपाचमेपर्यंत सीएचं ऑफिस उघडत नाही, उत्तरायणातही बडोदं दोन दिवस गच्चीवर असतं. ऑफरमध्ये 'कर्ज मिळाल्यास' ही अट नक्की ठेवा. ती सोडून दिली आणि कर्ज नाकारलं गेलं, तर डिपॉझिट जातं.

परमिट संपलं किंवा नोकरी गेली तर बँक घर काढून घेते का?

हप्ते चालू असतील तोवर नाही. पण कॅनडातलं कर्ज आपल्यासारखं वीस वर्षांचं एकच नसतं. परतफेड २५ वर्षांची असली तरी करार बहुतेक पाच वर्षांचा असतो, मग नव्या दराने नूतनीकरण. तेव्हा दुसऱ्या बँकेत जायचं तर सगळी तपासणी पुन्हा होते, परमिटसकट. करार मध्येच मोडला तर फिक्स्ड दरावर तीन महिन्यांचं व्याज किंवा दरातल्या फरकाची भरपाई, यातलं जे जास्त ते लागतं, आणि ते हजारो डॉलरमध्ये जाऊ शकतं. परत यावं लागण्याची शक्यता असेल तर व्हेरिएबल दर घ्या, त्यात बहुधा तीन महिन्यांच्या व्याजावर भागतं. घर भाड्याने देऊन परत आलात, तर अनिवासी म्हणून एकूण भाड्यातून २५ टक्के कर आधीच कापून भरावा लागतो.

अमेरिकेत एच-१बीवर असलेल्यांना?

घर घ्यायला केंद्रीय बंदी नाही. सरकारी हमीचं एफएचए कर्ज मात्र २५ मे २०२५ पासून ग्रीन कार्ड नसलेल्यांना बंद झालं. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थांच्या नियमांतलं साधं कर्ज मिळतं, नागरिकांच्याच अटींवर. दोन वर्षांचा नोकरीचा इतिहास आणि दोन महिन्यांचे खात्याचे उतारे लागतात. आईवडिलांची भेट वर्षात एक लाख डॉलरवर गेली तर मुलाने फॉर्म ३५२० भरायचा, आई आणि वडिलांची रक्कम एकत्र धरून. कर काही नाही, पण फॉर्म राहिला तर दंड २५ टक्क्यांपर्यंत जातो.

ऑस्ट्रेलियात?

तात्पुरत्या व्हिसावर १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळात जुनं, आधी कोणी राहिलेलं घर घेता येत नाही. नवं घर किंवा मोकळा प्लॉट परदेशी गुंतवणुकीची परवानगी काढून घेता येतो. परवानगी आधी, करार नंतर. व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलंडमध्ये ८ टक्के जादा मुद्रांक शुल्क आहे.

आणि इंग्लंडमध्ये?

तिथे बंदी नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर कर्ज देणाऱ्या बँका आहेत. अनिवासींचा २ टक्के जादा कर व्हिसावर नाही, दिवसांवर ठरतो: खरेदीआधीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस तिथे राहिलात तर लागत नाही. बडोद्याच्या घरातला हिस्सा इथेही आडवा येतो. पहिल्या घराची सवलत जाते, आणि हिश्श्याची किंमत ४०,००० पौंडांवर असेल तर दुसरं घर समजून ५ टक्के जादा कर लागतो. हा ५ टक्क्यांचा कर खरेदीच्या दिवसाची स्थिती बघतो, म्हणून आधी रीतसर हक्कसोड केलं तर तो टळू शकतो.

विक्रीसाठी मुलाला बडोद्याला यावंच लागेल का?

नाही, मुखत्यारपत्र चालतं. त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मूळ प्रत पाठवावी. ती भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांक भरून घ्या. पाकिटावरची पोचल्याची तारीख दिसेल असं पाकीटही जपून ठेवा, मुदत त्यावरूनच मोजतात.